इस्त्रीवाल्या एलादियोमामाचं वर्ष

धुकं आज दरीतून वर चढायला लागलं तेव्हा मी अंगणात कॉफी वाळत घालत होतो. आमच्या डोंगरातलं धुकं म्हणजे आगंतुक पाहुणा. चटईवर बिया पसरल्या की हजर, गोळा करून आत नेल्या की पसार, आणि मग मागं लख्ख ऊन. दोनदा पसरल्या, दोनदा गोळा केल्या. तिसऱ्यांदा पसरत होतो तर चावडीच्या अंगणातून खराट्याचा आवाज आला. खर्र खर्र, मग थांबला. मग एकदाच खर्र.

मी बायकोला म्हटलं, "हा झाडतोय का अंगणाची पाठ खाजवतोय?"

ती म्हणाली, "एलादियोमामासारखं झाडणारं आता कोण ऱ्हायलंय?"

खरंच होतं ते. एलादियोमामा जाऊन तीन पावसाळे झाले, पण आमच्या यालोबा गावात कुणी नीट झाडलं, कुणी कपड्याची नीट घडी घातली की त्याचं नाव निघतंच.

मामा मिसरूड फुटायच्या आत वर गेला होता. वर म्हणजे उत्तरेला, सरहद्दीपलीकडं, लॉस एंजेलिसला. आमचं निम्मं गाव तिकडंच असतं. कुणी लोकांच्या बागा कापतं, कुणी हॉटेलात भांडी घासतं. मामा एका लाँड्रीत शर्टांना इस्त्री करायचा. सगळी उमेदीची वर्षं दुसऱ्यांच्या बाह्या सरळ करण्यात घालवून एके दिवशी तो सिमेंटच्या ट्रकमधून, पोत्यांवर बसून परत आला. अंगावर पांढरा शर्ट, आणि पँटच्या इस्त्रीला धार अशी की तिच्यावर लिंबू कापावं. ड्रायव्हर धुळीनं माकड झालेला आणि हा मात्र पेटीतून काढल्यासारखा. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात लोखंडी इस्त्री, लेकरू धरावं तशी छातीशी धरलेली.

ट्रक थांबतो तिथंच रुतीलामावशीची पावाची भट्टी. मावशीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पोरी आपापल्या घरी नांदत होत्या. मावशीची जीभ अशी, की लाकडं संपली तर नुसतं बोलून पाव भाजेल. ती आणि मामा एका वयाचे, एका पाटीवर शिकलेले.

"कुणाच्या मयताला आलास का कुणाच्या लग्नाला?" तिनं विचारलं.

"घरी आलोय."

"घरी आलेला माणूस असा दिसत न्हाई. घरी आलेला माणूस आधी पायातलं काढतो."

मामानं तिथंच बूट काढले. मोजे पण इस्त्रीचे होते.

त्या दिवसापासून मामा दिवसातून तीनदा पाव न्यायला लागला. एकटा जीव, किती खाणार? पण महिनाभरात त्याच्या कोंबड्या गावात सगळ्यांत जाड झाल्या, तेव्हा लोकांना काय ते कळलं. मावशीला तर आधीच कळलं होतं. शेवटी एकदा त्यानं धीर करून विचारलं, तेव्हा भट्टीतलं फावडं तिनं त्याच्याकडं रोखलं.

"गावसभेत तुला बसायला बाक न्हाई, आन् माझ्या चुलीपाशी बसायला निघालास?"

"बाक मिळवलं तर?"

"मिळव. एक वरीस थांबते. दुसरं न्हाई थांबायची. म्या शिळा पाव इकत न्हाई आन् शिळा माणूस घेत न्हाई."

बाकाची गोष्ट चेष्टेची नव्हती. आमच्यात माणूस दाढीनं मोठा होत नाही आणि दोन मजली घरानंही नाही. गावाचं काम करत एकेक पायरी चढायची. पहिली पायरी टोपलाची. टोपील म्हणजे गावाचा हरकाम्या. चावडी झाडायची, घंटा वाजवायची, डोंगरापलीकडं निरोप न्यायचे, आणि जत्रेत कुणी पिऊन धिंगाणा घातला तर त्याला धरून कोठडीत घालायचं. वर्षभर, फुकट. मिळते ती फक्त हुद्द्याची काठी. ही पायरी पोरं अठराव्या वर्षी चढतात. न चढलेला माणूस केस पिकले तरी गावसभेत दाराशी, पोरांच्या घोळक्यात उभा.

मामा पहिल्या सभेला आला आणि सरळ जाऊन समोरच्या बाकावर बसला. फिलेमोनआजा तेव्हा गावचा मुख्य पंच. नजर अधू, पण कान असे की घारीचे डोळेही फिके.

"कोण बसलं रं तिथं? कडक कापडाचा आवाज आला."

"मी एलादियो. हेर्मेलोचा पोरगा."

"पोरगा हाईस न्हवं? मग पोरांत जा."

सभा हसली. मामा उठला, तांबडा झाला, आणि म्हणाला की माझ्या बदली मी एखादा धडधाकट गडी लावून देतो, तो माझं वर्ष भरंल.

आजानं मान हलवली. "दुसऱ्याच्या पायानं चाललास तर त्याची वाट सरंल बाबा, तुझी न्हाई."

मामानं दाराशी उभ्या असलेल्या पोरांकडं पाहिलं. त्यांच्यातल्या एकाच्या बापाला यानं पूर्वी गोट्यांत हरवलेलं. मग हात वर केला.

"तर मग मलाच टोपील करा."

त्या वर्षी टोपलांचा म्होरक्या मी होतो. मी तिशीचा, मामा पन्नाशीच्या पार, वर माझ्या आईचा चुलतभाऊ. पहिल्या सकाळी तो खराटा घेऊन रांगेत उभा, पांढरा शर्ट, कडक पँट.

"मामा, तुम्हाला जमलं तर… म्हणजे गडबड न्हाई… अंगण जरा…"

"सिरेनियो, तू म्होरक्या हाईस. नीट हुकूम सोड. तिकडं मला एक पोरगी च्युइंगम चघळत हुकूम सोडायची. तुझं तोंड निदान रिकामं हाय."

"झाडा, मामा!"

"हां. आता कसं!"

आणि त्यानं झाडलं. एका कडेनं, सरळ, ओळीवर ओळ. अंगणभर खराट्याच्या रेघा अशा उठायच्या की कोंबडीसुद्धा पाय टाकताना विचार करायची. घंटा वेळेवर, निरोप घरपोच, लाकडं रचली तर ढीग काटकोनात. भर पावसात डोंगरापलीकडं जाऊन यायचा, आणि चिखल गुडघ्यापर्यंत, तरी वरची इस्त्री शाबूत. पोरं त्याला आधी हसली, मग आपापले शर्ट घेऊन त्याच्या दारात रांग लावायला लागली. रुतीलामावशी भट्टीपाशी उभी राहून सगळं बघायची. बोलायची नाही. मावशी बोलत नाही म्हणजे काम बरं चाललंय, एवढं गावाला कळत होतं.

असं करत जत्रा आली.

संत मार्सियालच्या जत्रेला शेजारच्या गावचा बँड येतो. त्याला वेशीवरून आणायचं, घरोघरी जेवायला पोचवायचं, हे काम टोपलांचं. मामानं पहाटे उठून आम्हा सगळ्यांचे शर्ट कडक केले आणि आम्ही निघताना रांगेवरून नजर फिरवली. त्याचं तोंड कडू झालं.

"काय रं ही पोटं? एका रात्रीत सुटली? शर्ट असा फुगवू नका, इस्त्रीची इज्जत जाते."

पोरं फिदीफिदी हसली. मीही हसलो. मला वाटलं, मामा थट्टा करतोय. कारण शर्टाखाली काय होतं ते आमच्यात कुणाला सांगावं लागत नाही. श्वास घे म्हणून कोण सांगतं?

शर्टाखाली बाटली होती. जत्रेच्या दिवशी टोपील ज्या घरात जाईल तिथं घरधनी मेस्कालचा पेला पुढं करतो. तो नाकारायचा नाही, नाकारला तर घराचाही अपमान आणि संताचाही. पेला घ्यायचा, एक थेंब भुईला द्यायचा, ओठ ओले करायचे, आणि उरलेली दारू गळ्यात दोरीनं अडकवलेल्या बाटलीत ओतायची. घरधनी खूश, संत खूश, टोपील शुद्धीत. मामाला भुईचा थेंब आठवत होता. ओठ ओले करणंही आठवत होतं. बाटली मात्र इतक्या वर्षांत पार विसरून गेला होता.

तो प्रत्येक घरी गेला आणि प्रत्येक पेला मानानं रिकामा केला.

ऊन डोक्यावर आलं. बँडवाले जेवायला बसले होते, तेवढ्यात चर्चच्या पायऱ्यांवरून आरडाओरडा ऐकू आला. मी धावलो. मिरवणुकीसाठी बाहेर काढलेल्या संत मार्सियालच्या मूर्तीपुढं मामा उभा होता आणि तिला झापत होता.

"देवा, तुझ्या झग्याला इस्त्री कुणी केली? ही काय चुणी हाय? माणसांत जायचं, जत्रेच्या दिवशी, आन् हे असं? उतर खाली. काढ तो झगा. पाच मिनिटांत करून देतो."

भोवती गर्दी. लोक हसत होते, मी वाट काढत पुढं झालो. कामावरचा टोपील प्यालेला सापडला तर त्याचं वर्ष बाद. जानेवारीपासून पुन्हा पहिला दिवस. हा नियम गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता, आणि गर्दीच्या कडेला पावाची टोपली घेऊन उभ्या असलेल्या रुतीलामावशीलाही. ती हसत नव्हती.

"मामा," मी हळू म्हटलं, "चला, घरी चला. कुणी काय बघितलं न्हाई."

मामानं माझ्याकडं पाहिलं, गर्दीकडं पाहिलं, मावशीकडं पाहिलं. मग आपल्या हातातल्या टोपलाच्या काठीकडं पाहिलं, आणि एकदम ताठ झाला.

"सिरेनियो, हितं दंगा कोण करतंय?"

"कुणी न्हाई, मामा."

"कुणी न्हाई कसं? म्या मगापासून ऐकतोय."

आणि त्यानं डाव्या हातानं स्वतःची कॉलर धरली. चुरगळणार नाही अशी, दोन बोटांनीच.

"चल," त्यानं स्वतःला दरडावलं. "लाज न्हाई वाटत? संताला झगा काढायला सांगतोस?"

"चुकलो साहेब," त्यानंच उत्तर दिलं.

"ते उद्या पंचांना सांग."

असा तो निघाला. मधेच पाय मागं ओढायचा, मग स्वतःच स्वतःला पुढं ढकलायचा. बँडवाल्यांतल्या भोंगेवाल्याला राहवलं नाही. तोंडातला घास गिळून त्यानं ताल धरला, त्याच्यामागं ढोल, आणि सगळी वरात चावडीवर. मामा कोठडीत शिरला, दार आतून ओढून घेतलं आणि गजांतून किल्ली माझ्या हातात दिली.

"लाव कुलूप. ह्या माणसाचा भरवसा न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी पंच बसले. मी कुलूप काढलं तर मामा घोंगडी गुंडाळून उभा. पँट रात्रभर फळीखाली दाबून ठेवलेली. त्यानं ती अंगात घातली आणि बाहेर आला. चेहरा सुकलेल्या मिरचीसारखा, इस्त्री मात्र नवीन.

फिलेमोनआजानं मला विचारलं, "दारुड्याला धरलं कुणी?"

"टोपलानं."

"कंच्या?"

"एलादियोमामानं."

"झटापट?"

"थोडी झाली. कॉलर धरावी लागली."

"आन् तू घरी सोडत हुतास म्हणं?"

आजा खाकरला.

"म्या बी टोपील हुतो. लई दारुडे धरले. पर माझा भाऊ पिऊन पडला की म्या दुसऱ्या गल्लीनं जायचो. सगळेच जातात. ह्यानं तर सख्ख्यातल्या सख्ख्याला धरला. दारुड्याला दंड. जत्रेचा कचरा निघंस्तवर रोज चौक झाडायचा. आन् टोपलाचं वरीस बाद न्हाई, धरलं."

मागून कुणीतरी ओरडलं, "आजा, माणूस एकच हाय की! टोपील म्हणून बी त्योच झाडतो!"

"मग दोनदा झाडंल," आजा म्हणाला आणि उठला.

लोक पांगले. मामा पायरीवर बसून राहिला, ओंजळीत डोकं धरून. रुतीलामावशी आली. कॉफीचं भांडं त्याच्या शेजारी ठेवलं, वर गरम पाव ठेवला. मग पदराखालून एक छोटी रिकामी बाटली काढली. तोंडाला नवी दोरी बांधलेली.

"ही गळ्यात घाल."

मामानं बाटली उलटसुलट पाहिली. "शर्ट फुगतो गं."

"फुगू दे. बाकावर बसंस्तवर काढलीस तर बघ. मला वरीस मोजत बसायची हौस न्हाई."

मामानं दोरी गळ्यात घातली, बाटली शर्टाखाली सारली. छातीवर आलेल्या उंचवट्याकडं त्यानं दुःखानं पाहिलं, तळव्यानं दोनदा दाबून पाहिला, बसेना. मग पाव कॉफीत बुडवून खाल्ला. या वेळी कोंबड्यांना तुकडासुद्धा ठेवला नाही.

खाऊन उठला, खराटा उचलला, आणि चावडीपासून चर्चपर्यंत सगळा चौक झाडून काढला. फटाक्यांचे कागद, कणसाच्या साली, कुणाची तरी एक चप्पल. मी ओट्यावरून बघत होतो. शेवटच्या कोपऱ्याला पोचल्यावर त्यानं पाठ सरळ केली, झाडलेल्या रेघांवरून एकवार नजर फिरवली.

"हे झालं टोपलाचं," तो म्हणाला. "आता दारुड्याची पाळी."

आणि पहिल्या कोपऱ्यापासून पुन्हा झाडायला लागला.