अण्णांकडे, पण शेवटी

आता काय सांगू तुम्हाला! सांगायला बसलो की अजूनही कान गरम होतात. पण तुम्ही घरचेच आहात, चहाही आलाय, तर एकदाचं सांगून टाकतो. हसा, पण मला बघून हसू नका. कपात बघून हसा.

आधी हे समजून घ्या की मी भयंकर लाजरा आहे. किती? बसमध्ये पुढच्याला 'जरा सरका' म्हणता येत नाही म्हणून मी दोन स्टॉप पुढे उतरतो आणि चालत मागे येतो. नववीत शाळा सोडली, मग पाच वर्षं डिलाईल रोडवर पडद्यांच्या दुकानात घड्या घातल्या. पडद्यांशी बोलावं लागत नाही. बरं चाललं होतं.

पण आमच्या आईने कुठूनतरी एक जाहिरात कापून आणली. एका संस्थेचा तीन महिन्यांचा कोर्स होता, फुकट. जुन्या मुंबईतल्या वाड्या-चाळी लोकांना पायी फिरून दाखवायच्या. पण नुसतं फिरवायचं नाही! पर्यटक आले म्हणून तिथल्या माणसांना त्रास होता कामा नये, कचरा वाढता कामा नये, कमाई तिथल्याच घरांत गेली पाहिजे. याला म्हणायचं जबाबदार पर्यटन. आणि त्यासाठी आमच्यासारखी पोरं तयार करायची.

"याच्या तोंडातून शब्द फुटत नाही, हा काय लोकांना फिरवणार?" शेजारच्या काकू म्हणाल्या.

"फुटेल," आई म्हणाली. "सर्टिफिकेट आणल्याशिवाय घरात घेणार नाही."

झालं! सर्टिफिकेट मिळालं तर संस्थेतच नोकरी होती. नाही मिळालं तर परत पडदे, आणि आयुष्यभर काकूंचं तोंड.

आमच्या पाटणकर मॅडम फार चांगल्या. सर्टिफिकेटसाठी एक चाचणी होती. नाशिकहून दहा ज्येष्ठ मंडळी येणार, त्यांना ठाकूरद्वारची एक वाडी तासभर दाखवायची, शेवटी तिथल्या एका घरी नेऊन बसवायचं. मॅडम थेट त्या घरी येणार. पाहुण्यांनी कागदावर मत लिहायचं, त्यावर पास की नापास.

शेवटचं घर होतं अण्णांचं. पंच्याऐंशीचे, एकदम टणक. तयारीसाठी मी त्यांच्याकडे दोनदा जाऊन वहीभर गोष्टी लिहून आणल्या होत्या. अण्णा पूर्वी छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, त्यामुळे उलटी अक्षरं सरळ वाचायचे. समोरचा माणूस पत्र वाचत असला की हे समोरूनच वाचून मोकळे! अख्ख्या वाडीत कोणाचं काय चाललंय ते पोस्टमननंतर अण्णांनाच ठाऊक. आणि त्यांची शिंक! दोन्ही गेटांवर ऐकू जायची. मी घरी आरशासमोर त्या शिंकेचा सराव केला होता.

दोन गेटांवर. इथेच सगळा घोळ झाला.

चाचणीच्या दिवशी मी अर्धा तास आधी मागच्या गेटवर हजर. अंगात पांढरा कुडता, कारण भडक कपडे घालू नका असं शिकवलं होतं. फोन बंद, कारण गाईडने फोनमध्ये डोकं घालू नये असं शिकवलं होतं. हातात परडीभर सोनचाफा, कारण प्लास्टिकच्या वेष्टणातले गुच्छ नकोत असं शिकवलं होतं. मी शिकवलेलं सगळं केलं हो! एवढं केल्यावर माणूस चुकतो कुठे?

दहा वाजता मंडळी आली. म्हातारी माणसं, साधे कपडे. मी मोजली, नऊ. म्हटलं, एकाचे गुडघे दुखले असतील.

पुढचे आजोबा म्हणाले, "झिला, आमका अण्णांगेर जावचा आसा."

बघा, तेव्हाच कळायला हवं होतं. नाशिकची माणसं मालवणी का बोलतील? पण मला वाटलं, आमची कोकणातली माणसं कुठे नाहीत? नाशकातही असतील. आणि विचारायचं कसं? लाज वाटते ना!

"हो हो, अण्णांकडेच," मी म्हटलं. "पण ते शेवटी. आधी वाडी."

"आधी वाडी?"

"तसाच क्रम आहे."

आजोबांनी मागे वळून बायकांकडे पाहिलं. एक ठेंगण्या आजी होत्या, त्यांना सगळे आत्ये म्हणत होते. त्या हळूच म्हणाल्या, "मुंबैक अशीच पद्धत आसतली. गप चल."

मी प्रत्येकाच्या हातात एकेक सोनचाफ्याचं फूल दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांत धरलं. मला भरून आलं. मग नियम सांगितले. "हळू बोलायचं. फोटो काढायचे नाहीत. कोणाच्या दारात डोकावायचं नाही." सगळ्यांनी माना खाली घातल्या. आजोबांच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती, त्यात साखर, चहापूड आणि नारळ. ती मी विनम्रपणे काढून घेतली आणि सामान माझ्या कापडी पिशवीत ओतलं.

मॅडम नेहमी म्हणायच्या, पर्यटकाला जबाबदारी शिकवावी लागते. मी मनात म्हटलं, मॅडम, हे तर शिकूनच आलेत! ना आवाज, ना कचरा, ना सेल्फी. चालतातही कसे, एकामागून एक, नजर जमिनीकडे. असे पर्यटक मला जन्मभर मिळोत.

हो, असंच म्हटलं मी. अक्षरशः.

मग माझी जीभ सुटली! समोरून कोणी प्रश्न विचारत नाही म्हटल्यावर लाजऱ्या माणसाला काय जोर चढतो, तुम्हाला कल्पना नाही. नळ दाखवला. अण्णा पहाटे उठून कळशीऐवजी छापखान्यातला शिशाचा ठोकळा रांगेत ठेवायचे, कारण तो कोणाला हलवता यायचा नाही, हे सांगितलं. आजोबा पुटपुटले, "लहानपणापासून तसोच." मी खूश. गोष्ट पोचतेय!

कट्टा दाखवला. "इथे संध्याकाळी अण्णा बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची पत्रं वाचतात." आत्येंनी पदर डोळ्याला लावला.

अहो, माझ्या बोलण्याने कोणाच्या डोळ्यांत पाणी? दुकानात लोक माझं बोलणं ऐकू येत नाही म्हणून वैतागायचे! मी आणखी रंगात आलो. म्हटलं, आता रडवलंय तर जरा हसवू.

आणि मी शिंकलो.

अण्णांसारखा. आधी मान मागे, मग तीनदा 'हा... हा... हा...', मग स्फोट. कौलावरची कबुतरं उडाली. एका काकांना हसू आलं आणि लगेच ते तोंड फिरवून हुंदके द्यायला लागले. आत्ये तर मटकन कट्ट्यावरच बसल्या. "तोच रे तोच," म्हणाल्या, "माझो भाऊस तोच!"

मला वाटलं, नाशिकच्या लोकांची मनं फार हळवी असतात.

मी त्यांना हात देऊन उठवलं आणि काय बोललो? आजही ते वाक्य आठवलं की मी उशीत तोंड खुपसतो. मी म्हटलं, "आत्ये, रडू नका. चला आता वर. अण्णा तुमचीच वाट बघतायत."

त्यावर त्यांनी जो हंबरडा फोडला!

"खरा हा, झिला," आजोबा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. "वाट बघूनच गेलो तो."

'गेलो' मला ऐकू आलं हो. पण कुठे गेले असतील? दूध आणायला!

जिना चढलो. अण्णांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग. आत दहा अनोळखी ज्येष्ठ माणसं चटईवर शिस्तीत बसलेली, आणि अण्णांचा नातू निनाद त्यांना हळू आवाजात काहीतरी सांगत होता. आम्हाला बघून त्यांच्यातले एक गृहस्थ उठले. "चला मंडळी, पुढचा ग्रुप आलाय. जागा करून द्या." सगळे निनादला हात जोडून माझ्या बाजूने खाली गेले.

पुढचा ग्रुप? मी मागे वळून माझी मंडळी पुन्हा मोजली. नऊच.

चटई रिकामी झाली आणि समोरची भिंत दिसली. अण्णांचा फोटो. हार. खाली समई.

आत्ये त्यांच्या वहिनीच्या, म्हणजे अण्णांच्या घरच्या आजींच्या गळ्यात पडल्या. बाकीच्यांनी एकेक करून सोनचाफा फोटोपुढे ठेवला. मी दारात कापडी पिशवी धरून उभा. अण्णांना जाऊन सहा दिवस झाले होते. ही त्यांच्या गावची माणसं होती, रात्रभर प्रवास करून आलेली. भावाला शेवटचं भेटता आलं नाही म्हणून निदान त्याच्या घरी टेकायला आलेली. आणि मी त्यांना तासभर नळ दाखवत होतो!

तेवढ्यात पाटणकर मॅडम जिना चढून आल्या, चेहरा फुललेला. "अरे, खाली सगळे तुझी इतकी स्तुती करत होते! कागदही भरून दिले!" मग त्यांना फोटो दिसला आणि त्या जागच्या जागी थांबल्या.

आजींनी मला ओळखलं. "हा तो वहीवाला. ह्यांनी दोनदा विचारलं हो तुझ्याबद्दल. तो मुलगा परत कधी येणार, म्हणून."

मग माझ्याच्याने राहवलं नाही. मी खाली बसलो आणि सगळं कबूल केलं. कोर्स, नाशिक, मागचं गेट, सगळं.

आत्येंनी डोळे पुसले. "म्हंजे तू आमच्यातलो नाय?"

"नाही."

"मगे आमका तासभर कित्याक फिरवलंस?"

"परीक्षा होती," मी म्हटलं. जमीन दुभंगत नाही हो, कितीही खाली बघितलं तरी.

आजोबांनी माझ्या हातातून आपली साखर आणि चहापूड काढून घेतली. निनाद भिंतीकडे तोंड करून उभा होता, खांदे हलत होते. हसत होता की रडत होता, मला विचारायची हिंमत झाली नाही. आजी तेवढ्या माझ्याकडे बघत होत्या.

"मग," त्या म्हणाल्या, "पास झालास का?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी नमस्कार करून जिना उतरलो आणि चालतच घरी गेलो.

चार दिवसांनी मॅडमनी बोलावून दहा कागद माझ्यापुढे ठेवले. नाशिककरांना पुढच्या गेटवर कोणी भेटलं नव्हतं. मला फोन लागेना, म्हणून ते विचारत विचारत अण्णांकडे गेले. निनादला चाचणीचं काही ठाऊक नव्हतं; त्याला वाटलं, आजोबांच्या छापखान्यातले जुने लोक भेटायला आलेत. त्याने त्यांना बसवलं, पाणी दिलं, आजोबांबद्दल सांगितलं. आणि त्यांनी त्यालाच गाईड समजून मत लिहिलं होतं.

"गाईड अत्यंत अभ्यासू आणि नम्र."

"वाडीविषयी बोलताना त्याचा कंठ दाटून येत होता. इतकी आपुलकी दुर्मीळ."

"दहापैकी दहा. फक्त थोडं कमी रडावं."

मी वाचत गेलो. शेवटच्या कागदावर 'सुधारणेसाठी सूचना' या रकान्यात त्या उठून गेलेल्या गृहस्थांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं:

"शेवटी एक पांढऱ्या कुडत्यातला मुलगा दहाबारा माणसं घेऊन थेट दारात येऊन उभा राहिला. लोकांच्या घरी असं जाऊ नये, हे आपल्या संस्थेने त्याला शिकवावं."

संस्थेने सूचना लगेच मानली. नवीन बॅच सोमवारी सुरू झाली. मी पहिल्या बाकावर आहे.