तीन फ्यूज

पुसदच्या रस्त्यावर बादल राठोडच्या गाडीला रानडुक्कर आडवं गेलं, त्याला दीड वर्ष झालं. हेल्मेट घरी खुंटीला होतं. नागपूरला डॉक्टरांनी कवटीचा तुकडा काढला आणि मेंदूची सूज उतरल्यावर परत बसवला. बादल चालू लागला, बोलू लागला, बोटंही वळू लागली. पण आत्ता घडलेलं डोक्यात टिकेना. लहानपणचं सगळं लख्ख, अर्ध्या तासापूर्वीचं कोरं.

हे त्यानं तांड्यापासून लपवलं होतं. कोणी म्हणालं, ‘काल बोललो ते ध्यानात हाय नं?’ की हा मान हलवी. बायकोलाही तेच उत्तर. आसपासच्या चार तांड्यांचा तो वायरमन. धाकट्या भावाला, प्रेमला, त्यानंच काम शिकवलेलं. ते काम त्याला परत पाहिजे होतं, आणि विसरणाऱ्या माणसाला लाईनजवळ कोण उभं करतं?

माघातल्या एका सकाळी प्रेम म्हणाला, “भिया, चालतं का मायासंग? नाल्यापल्याड तार तुटली. तू फकस्त डीपीपाशी बस.”

“त्याइले नेऊ नका,” बादलची बायको शीला चुलीजवळून बोलली.

“मले सगळं ध्यानात राह्यते,” बादल म्हणाला आणि चप्पल घालून निघालाही.

बांधावरच्या डीपीतले, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतले, तिन्ही फ्यूज प्रेमनं उपसले आणि भावाच्या हातात दिले. “मी सोता येईन तवाच टाकजो. कोनालेच देऊ नको.” मग तो गाडी घेऊन नाल्यापलीकडे गेला. मध्ये सागाची दाटी. खांब इकडून दिसत नव्हता.

फ्यूज खिशात घालून बादल विहिरीच्या काठावर बसला. ऊन चढलं. एक बकरी गव्हात शिरली, तिला हाकलून तो परत येऊन बसला, आणि कोणाची वाट पाहत होतो तेच निघून गेलं.

शेजारच्या शेतातले सेवादासकाका तणतणत आले. “बादल्या, लाईन काहून बंद? बारा वाजता तशीबी जाते. गहू सुकून राह्यला माहा.”

बादलनं खिसा चाचपला. तीन फ्यूज.

“तुह्यापाशीच हायत का? मंग टाक नं बापा. काम झालं असन.”

“हो, झालं,” जीभ सवयीनं बोलून गेली. तो उठला. डीपीची पेटी उघडली. पहिला फ्यूज खाचेजवळ नेला आणि हात तिथंच थबकला. बारा वर्षांत खांबावरचा माणूस खाली उतरलेला पाहिल्याशिवाय या हातानं फ्यूज टाकला नव्हता. आज कोण उतरलं होतं?

“काका, लाईनवर कोन हाय?”

“मले काय माईत? इकडून तर कोनी दिसून नाही राह्यलं.”

बादलनं फ्यूज मागे घेतला. “मले याद नाही,” तो म्हणाला. हे त्यानं पहिल्यांदाच कोणासमोर म्हटलं.

“डोक्यात पत्रा ठोकलाय काय डॉक्टरनं? आन इकडं, मी टाकतो.” काकांनी त्याचं मनगट धरलं.

बादलनं हात हिसडला. आत्ता तो नाही म्हणत होता. पण दहा मिनिटांनी? काका परत मागतील, हे भांडण त्याला आठवणार नाही, आणि तो स्वतःच फ्यूज टाकून मोकळा होईल. काकांपेक्षा त्याला स्वतःचीच भीती वाटली. तो विहिरीकडे वळला. एक, दोन, तीन. तिन्ही फ्यूज डुबुक करत पाण्यात गेले.

“येडा झाला का बे?” काका मटकन बांधावर बसले.

बऱ्याच वेळानं प्रेमची गाडी आली. “झालं, भिया. टाक फ्यूज.”

बादलनं खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. ओठांवर ‘टाकले’ आलं, ते त्यानं गिळलं. “कुठं हायत, मले मालूम नाही. काहीच टिकत नाही रे डोक्यात. खोटं बोलून राह्यलो सगळ्याइसंग.”

प्रेमनं काकांकडे पाहिलं. काकांनी मान वर केली नाही. “हिरीत फेकले त्यानं. मी मांगून राह्यलो होतो, देल्लेच नाही.”

“मी वरतं असताना?” प्रेमच्या हातातली पक्कड खाली पडली.

“तू होता का वरतं?” बादलनं विचारलं.

प्रेमनं भावाचा हात धरला. “वैनीले काय सांगू?”

“जे झालं ते. अन् आताच फोन लाव. घरी जायपर्यंत माह्या डोक्यात राह्यनार नाही.”