पुनावळ्याची सर्दी

लेकीचा फोन आला, तेव्हा मी अंबाजोगाईत अंगणात बसून दाढी करत होतो. "अप्पा, इराला सर्दी झालीय. पाळणाघरवाले घेत नाहीत, हे टूरवर आहेत आणि माझ्या रजा संपल्यात. याल का?" आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे दुखतात, म्हणून मी एकटाच निघालो. पिशवीत कपडे थोडे आणि त्यांच्या सूचनाच फार.

सकाळी चिंचवडला उतरलो. याच गावात मी तरुणपणी कारखान्यात नोकरी केली, पत्र्याच्या खोलीत संसार मांडला. रिक्षातून डोकावत होतो, पण ओळखीचं काही सापडेना. तेव्हा आम्ही मित्र सायकली मारत पुनावळ्याला हुरडा खायला जायचो. आता लेक तिथंच राहते आणि इमारतींची टोकं बघताना मान दुखते. जीव हळहळला.

सोसायटीच्या फाटकाशी एक आजीबाई भाजी घेऊन बसल्या होत्या. माझ्या चहासाठी गवती चहा मागितला.

"हाय की. कुणाला पडसं (सर्दी) झालंय?"

"नातीला."

"व्हय का? कंच्या बिल्डिंगीत?" मी बोटानं दाखवली. "तितं आमचं वावर (शेत) हुतं. तुमची लिफ्ट हाय ना, तितं हीर (विहीर) हुती," असं म्हणून त्या खुदकन हसल्या.

वर मुक्ता, माझी लेक, बूट घालूनच उभी होती. "कालपासून दूध तोंडाला लावलं नाही तिनं. डॉक्टर म्हणाले, साधी सर्दी आहे. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घाला आणि काही ना काही पाजत राहा. आजही प्यायली नाही, तर संध्याकाळी दवाखान्यात न्यायचंय." एवढं सांगून ती कंपनीच्या बसनं चाकणला गेली, पण तिचं लक्ष घरीच राहिलं असणार.

अडीच वर्षांची इरा मला रोज व्हिडिओ कॉलवर बघते. मी चहा पितो, ती दूध पिते, आणि दोघंही 'फुर्रर्र' आवाज करतो. पण समोर मला बघून तिनं भोकाड पसरलं. "आजोबा फोनमध्ये!" असं मलाच बजावलं.

मी तूप-मीठ घालून मऊ भाताची पेज केली. चिंचवडच्या खोलीत मुक्ता शिंकायला लागली, की मी स्टोव्हवर हीच पेज करायचो आणि ती मांडीवर बसून गटागट प्यायची. इरानं मात्र वाटी ढकलली. दुपार झाली. तिचे ओठ सुकले होते आणि मला खरंच भीती वाटायला लागली.

शेवटी टॅब आणि पेजेची वाटी तिच्यापुढे ठेवली, स्वयंपाकघराच्या दाराआड तिच्यावर डोळा ठेवून बसलो आणि माझ्या फोनवरून टॅबवर व्हिडिओ कॉल लावला.

"आजोबा!" नाक गळत होतं, पण चेहरा फुलला. मी वाटी तोंडाला लावली. फुर्रर्र. तिनंही लावली. फुर्रर्र. अर्धी वाटी संपली आणि माझा आवाज दाराआडून येतोय हे इराबाईंच्या लक्षात आलं. वाटी सांभाळत ती आली. मला बघितलं, फोनकडे बघितलं आणि सरळ मांडीत बसली. उरलेली पेज तिथंच संपवली, नाक माझ्या सदऱ्याला पुसलं आणि तोंडावर सणसणीत शिंकली. मला रडू आलं. ते मी आवरलंही नाही.

आठवडाभर राहिलो. इरा हुंदडायला लागली, तेव्हा निघालो.

परतीच्या गाडीतच माझं नाक चोंदलं. "आणलंत ना तिकडून दुखणं!" म्हणत सौभाग्यवती वाफेचं पातेलं घेऊन पुढ्यात उभ्या राहिल्या.

"राहू दे गं," मी म्हणालो, "इतक्यात जायला नको ती."

नातीनं मांडीवर बसून दिलेली सर्दी होती. फोनवरून ती लागली नसती.