आजीची पाण्याची बाटली

मैत्रिणींनो, आज आमच्या नातीनं माझं गुपितच फोडलं!

रविवारी नातवंडांना घेऊन गाडीनं खामगावहून नागपूरला जायचंय. त्याचंच ठरवत होतो. आमचे हे म्हणाले, "मधात कुठंच थांबायचं नाही. सरळ नागपूर!"

दहा वर्षांची नात म्हणाली, "नाही आबा, दोनदा थांबायचं."

"काऊन वं?"

"आजीले बाथरूमले जावं लागते. म्हणून तर आजी गाडीत पाणीच पीत नाही."

हे मी कधी कोणाला सांगितलंच नव्हतं. आमचे हे तर सगळ्यांना कौतुकानं सांगतात, "हिले प्रवासात तहानच लागत नाही."

पोरीनं मोबाईलवर स्वच्छ बाथरूमवाले पेट्रोल पंपसुद्धा शोधून ठेवलेत. वर माझ्यासाठी मोठी बाटली काढली. म्हणाली, "पूर्ण संपवायची!"

तुम्हालाही प्रवासात तहान लागत नाही ना?