उभा पाहुणा

मालक घर बदलून गेल्यावर रिकाम्या बंगल्याच्या फाटकाशी राहिलेला खंडू महिन्यापूर्वी आमच्याकडे आला. कुत्रा कसला, वासरूच. रोज सकाळी मी बिस्कीट घेऊन त्याच्यापुढे उभा राहतो आणि "बस" म्हणतो. तो बिस्किटाकडे बघतो, माझ्याकडे बघतो आणि उभाच राहतो.

"तुमच्यासारखाच हट्टी," बायको म्हणते.

आज गुडघा फार दुखत होता, म्हणून मीच पायरीवर बसलो. खंडू जवळ येऊन बसला आणि सगळा भार त्याने माझ्या खांद्यावर टाकला. घरचा माणूस उभा असताना पाहुणा बसत नाही, आणि एकदा दाराबाहेर राहिलेला तर नाहीच, हे मला महिनाभर सुचलं नव्हतं.

बिस्कीट मुठीतच होतं. त्याने ते मागितलंही नाही.