दावणीची गाडी

मी सातवीत असताना नानांनी एकदा भर रस्त्यात स्कूटर थांबवली होती. हैदराबादचा काचीगुडा स्टेशनसमोरचा रस्ता, मागून बस हॉर्न देतेय, आणि माझे वडील एक पाय टेकवून निवांत उभे. समोरून एक निळी गाडी येत होती. लांबलचक नाक, दोनच दारं, रुंद आणि बसकी. तिचा आवाज आधी पोटात कळला, मग कानात. चालवणारे गृहस्थ डाव्या बाजूला बसले होते आणि रस्ता आपलाच असल्यासारखे सावकाश येत होते. "जाऊ दे तिला आधी," नाना म्हणाले. त्या एका वाक्याला माझे वडील मला जितके आवडले, तितके पुढे बरीच वर्षं आवडले नाहीत.

गाडी अमेरिकन होती, साठच्या दशकातली, स्पोर्ट्स. आम्हा बरकतपुऱ्याच्या पोरांना एवढंच ठाऊक होतं, की ती काचीगुड्याच्या मागच्या गल्लीतल्या एका दातांच्या डॉक्टरांची आहे आणि ते तिला फक्त रविवारी बाहेर काढतात. माझा एकही दात किडत नाही याचं मला तेव्हा खरोखर वाईट वाटायचं.

त्याला आता चाळीस वर्षं होत आली. गेल्या वर्षी माझ्या मेकॅनिकनं सहज सांगितलं, की डॉक्टरसाहेब गाडी द्यायची म्हणताहेत. काचबिंदूनं त्यांची बाजूची नजर गेली होती, पत्नी वारलेली, मुलगी परदेशात. पण घ्यायला येणाऱ्यांना ते चहा पाजून परत पाठवत होते. एकाला ती हॉटेलच्या काचेमागं उभी करायची होती, दुसऱ्याला लग्नांना भाड्यानं द्यायची होती. डॉक्टरांना गाडी चालवणारा हवा होता.

बायको पुण्याची आणि सॉफ्टवेअरमधली, म्हणजे शंका काढायचं शिक्षण दोन्हीकडून झालेलं. तिनं विचारलं, "मागे कुणी नीट बसू शकतं का?" मी नाही म्हटलं. "मग घे. निदान तुझे मित्र तरी फुकट फिरायचे नाहीत." आमच्या घरात याला परवानगी म्हणतात.

मी शनिवारी दुपारी गेलो. डॉक्टर ऐंशीच्या घरातले, पांढराशुभ्र झब्बा, आणि बोलणं असं की आपणही आपोआप आवाज खाली आणावा. "पहले चाय पीते साब. गाडी कईं नहीं भागती," म्हणाले. कप हातात घेऊनच त्यांनी मला अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं आणि गाडीवरची चादर काढली. काढली म्हणजे ओढली नाही, घडीवर घडी घालत मागे नेली.

ती तशीच होती. निळा रंग थोडा जुना झालेला, पण मूळचा. बंपरमध्ये माझं पोट दिसत होतं तेवढं सोडलं तर सगळंच सुंदर होतं. स्टीअरिंगचं लाकूड दोन ठिकाणी हातांनी झिजून मऊ झालं होतं. खाली पत्र्याचा एक ट्रे ठेवलेला, त्यात वर्तमानपत्र अंथरलेलं आणि त्यावर इंजिनच्या तेलाचे काळे ठिपके. "कधीपासून आहे तुमच्याकडं?" असं विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "परसों लाए थे, गल्फ से. भाई लाए." हैदराबादेत परसों म्हणजे परवाही असतो आणि पन्नास वर्षांपूर्वीही.

इथं माझं थोबाड बंद राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण मी औषधाच्या कंपनीत क्वालिटीला आहे, दोष लिहून काढायचा पगार घेतो. शिवाय लहानपणी सुट्टीत गावी गेलो, की नाना मला बैलबाजारात न्यायचे. तिथं मी एक गोष्ट घट्ट शिकलो होतो: जनावर मनात भरलं तरी तोंडावर दाखवायचं नाही. शिंग वाकडं म्हणायचं, खांदा आलाय म्हणायचं, चाल फेंगडी म्हणायची. नावं ठेवल्याशिवाय सौद्याला उभंच राहायचं नाही. तर मी गाडीभोवती फिरत सुरू केलं. दाराला खाली गंज आहे. सीटची शिवण उसवलीय. काच मूळची दिसत नाही. आणि मग वाकून, मोठा शोध लावल्याच्या थाटात म्हणालो, "डॉक्टरसाब, इंजिन तेल गळतंय की. हे तर मोठंच काम निघालं."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "हौ, गिरता. मेरे कू मालूम," एवढंच म्हणाले. मग चादर घेतली आणि एकेक घडी उलगडत गाडी परत झाकली. मला म्हणाले, "चाय ठंडी हो गई आपकी, दूसरी मँगाता." दुसरा चहाही पाजला. निघताना दारापर्यंत आले आणि म्हणाले, "बुरा नक्को मानो साब. मेरा इरादा नहीं है अब बेचने का." इतक्या अदबीनं मला आजवर कुणी हाकललं नव्हतं.

तिथून मी तडक तारनाक्याला नानांकडं गेलो. नाना रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून तिथंच राहतात, पंच्याऐंशी वर्षांचे, कान तिखट आणि जीभ त्याहून. डॉक्टर फार हळवे आहेत, धंदा असा होत नसतो, असा सूर लावून मी सगळं सांगितलं. मला वाटलं नाना माझी बाजू घेतील, त्यांचीच तर विद्या होती. त्यांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला.

"कुठं उभा राहून बोललास हे?"

"त्यांच्या शेडमध्ये."

"म्हणजे दावणीला बांधलेल्या जनावराला नावं ठेवलास, मालकाच्या दारात, त्याचाच चहा पिऊन?" नानांचा आवाज चढला नाही, पण मला सातवीतला झाल्यासारखं वाटलं. "नावं बाजारात ठेवायची असतेत. तिथं मालकबी तयारीनं येतो, तो लाख सांगतो, आपण राख म्हणायची. तसलं बाजारात शोभतं. दारात गेलं की आधी पाठीवर हात ठेवायचा आणि विचारायचं, काय खातं, कशाला बुजतं. अर्धीच विद्या घेऊन गेलास तू."

मला राग आला. पन्नाशी उलटलेल्या माणसाला कुणी असं बोललं की येतोच. पण खरं सांगायचं तर राग स्वतःचाच होता. जी गाडी बघून माझ्या वडिलांनी स्कूटर थांबवली, तिला मी तिच्या घरात जाऊन गळकी म्हणालो होतो.

पुढच्या शनिवारी नाना स्वतःहून तयार होऊन बसले. डॉक्टरांनी दार उघडलं आणि माझ्याकडं बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण मागं म्हातारा माणूस दिसल्यावर ते बाजूला झाले. नाना म्हणाले, "साब, ये लडका बोल्या सो माफ करो. शहर में पला. मेरे कू बस एक बार देखना है. चालीस साल पहले इसके वास्ते स्कूटर रोका था मैं."

शेडमध्ये चादर निघाली.  नानांनी बॉनेटवर हात ठेवला, पंजा पूर्ण पसरून, बैलाच्या वशिंडावर ठेवतात तसा, आणि विचारलं, "इसको क्या क्या होना पडता साब?"

डॉक्टरांचा चेहरा इतका बदलला की मीच बघत राहिलो. तिला काय लागतं हे त्यांना बहुधा कुणी विचारलंच नव्हतं. थंडीत चोक किती ओढायचा. दुसऱ्या गिअरमध्ये घाई केलेली तिला खपत नाही. लांबून आल्यावर लगेच बंद करायची नाही, मिनिटभर उभ्या जागी चालू ठेवायची, दम घेऊ द्यायचा. नाना मला म्हणाले, "लिहून घे." मी गुमान लिहून घेतलं. मग डॉक्टरांनी गाडी सुरू केली, आणि तोच आवाज, आधी पोटात. नानांनी डोळे मिटले होते. अर्ध्या तासानं इंजिन बंद करून डॉक्टर माझ्याकडं न बघता नानांना म्हणाले, "ले जाव साब. आपके घर में ठीक रहेगी."

माझ्या बापाचा मला इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

कागदपत्रं व्हायला थोडा वेळ गेला. गाडी न्यायच्या दिवशी डॉक्टरांनी किल्ली पुढं केली. तिला चामड्याची एक जुनी पट्टी होती, हात लागून लागून काळी झालेली. नानांनी ती घेतली, पट्टीतून किल्ली सोडवली, खिशातून नवी रिंग काढून तीत अडकवली आणि पट्टी डॉक्टरांच्या हातात परत ठेवली.

"ये कायकू?"

"हमारे में जनावर देते, रस्सी नहीं देते," नाना म्हणाले. "दावं मालक के पासच रहता. दावं गया तो दावण खाली हो जाती."

डॉक्टर पट्टीकडं बघत राहिले. "मेरी तो हो गई ना साब अब खाली," म्हणाले. तक्रार नव्हती त्यात, त्यामुळं ऐकवलं नाही. नानांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "हर इतवार दोपहर को लाको इधरच खडी करता मैं."

"हौ, आओ," डॉक्टर हसून म्हणाले. आमच्या हैदराबादेत येतो म्हणणारा येतोच असं नाही, आणि त्यांचं सगळं आयुष्य इथंच गेलेलं. विश्वास बसला नसावा.

आणि मी पहिल्याच रविवारी गेलो नाही. कार्ब्युरेटर मेकॅनिककडं उघडून पडला होता. दुसऱ्या रविवारीही तेच. फोन करायला हवा होता, पण गाडी नेल्यानेल्या बिघडवली हे सांगायची लाज वाटली.

तिसऱ्या रविवारी न कळवता गेलो. फाटक उघडंच होतं. डॉक्टर शेडच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले होते, चामड्याची पट्टी बोटाभोवती गुंडाळलेली. मला उशीर का झाला हे त्यांनी विचारलं नाही. उठले आणि हातानं खूण करत मला आत घेऊ लागले. अजून थोडं, अजून, बस. मी दार उघडून खाली वाकून पाहिलं. ट्रे इंजिनच्या बरोबर खाली होता, आणि त्यात त्या दिवशीचं वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. कोपऱ्यात आधीच्या दोन रविवारांची वर्तमानपत्रं घडी घालून ठेवली होती. दोन्ही कोरडी.

माझा हात किल्लीकडं गेला. "एकदम बंद नक्को करो," ते म्हणाले. मी मिनिटभर गाडी चालू ठेवली, मग बंद केली. शेड शांत झाली. थोड्या वेळानं कागदावर टप्प असा आवाज आला.

"हौ," डॉक्टर म्हणाले, "आ गई."