बंद खिडकीमागची तांबडी भाजी

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर खनिजाचे ट्रक चालवले. आमचं घर डिचोलीहून शिरगावला जाणाऱ्या रस्त्याला लागून. ट्रक जायला लागले की लाल धूळ सरळ ओसरीवर येते. गेल्या वर्षी त्यांचा दम इतका वाढला, की डॉक्टरांनी बजावलं, "धूळ टाळा. खिडक्या बंद ठेवा, बाहेरची कामं नकोत."

बाहेरचं काम म्हणजे परसातली भाजी. निवृत्त झाल्यापासून त्यांचा सगळा जीव तिच्यात. ती सुटल्यावर ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. जेवायला बोलावलं तर "माका नको गो" एवढंच. पेज करून नेली तरी अर्धी परत यायची. औषधं चालू होती, पण माणूस हातातून निसटत चालला होता.

मोबाइलवर कुणाच्या तरी घरात एलईडी दिव्याखाली कोथिंबीर वाढताना पाहिली, आणि वाटलं, परसच आत आणलं तर? नवऱ्याला मोबाइलवर रोपांसाठीचा जांभळा दिवा दाखवला, तर तो हसायलाच लागला. "हॉल मोरजीच्या बीचवरल्या बारासारखो दिसतलो!" मग मी पांढऱ्या उजेडाचा बघितला. पण खरी भीती वेगळीच होती. ओल्या मातीची बुरशी त्यांच्या छातीला बाधली तर? दोन आठवडे मी नुसतं मनात घोळवत राहिले. शेवटी तपासणीला गेलो तेव्हा विचारून टाकलं. डॉक्टर म्हणाले, "झोपायच्या खोलीत नको. पाणी साचू देऊ नका, बुरशी दिसली तर माती बाहेर काढा. माती हाताळायची ती तुम्हीच. बाकी करून बघा."

म्हापशाहून दिवा आणला. हॉलमध्ये टेबलावर दोन ट्रे ठेवून मी तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, पेरली. सासरे खोलीतूनच म्हणाले, "ह्या लायटीन काय होतला!"

रोपं आली, पण दोऱ्यासारखी लांब, फिकट, आणि एका सकाळी सगळी आडवी. मला रडूच आलं. ट्रे उचलत होते तेवढ्यात मागे चप्पल वाजली. भिंतीला धरून ते उभे होते.

"पडली मा?"

"दिवा फार वर टांगला होता, बाबा. उजेड पुरला नाही."

"मग खाली घे. एकटी कशी बांधतलंस? थांब, मी धरतंय." खुर्चीवर बसून त्यांनी दिवा हाताने तोलून धरला, मी दोरी आखूड केली. त्यांना धाप लागली होती, पण ते खाटेकडे परत गेले नाहीत.

दुसऱ्यांदा पेरली तेव्हा बुटकी, लालबुंद रोपं आली. ते रोज मास्क लावून समोर बसायचे आणि पाणी किती घालायचं यावरून माझ्याशी वाद घालायचे. मला तो वाद हवाच होता.

पहिल्या तोडणीला जेमतेम एका माणसापुरती भाजी निघाली. कांदा-खोबरं घालून परतली, भाताबरोबर वाढली. ताट रिकामं करून ते म्हणाले, "मीठ कमी पडला."

मी मीठ आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला. बाहेरून त्यांचा आवाज आला, "अगो, भात आसा काय थोडो?"